लाल वहीतला दिग्दर्शक

कोलकात्यातल्या वाण्याच्या दुकानात, कापडाच्या पेढीवर किंवा सराफाच्या गादीशेजारी पूर्वी एक वही हमखास दिसायची. लाल कापडाची बांधणी, दोऱ्याने शिवलेली पाने आणि आत कोरा कागद. बंगालीत तिला 'खेरोर खाता' म्हणतात. आपल्याकडच्या चोपडीची ही बंगाली बहीणच. आपण लक्ष्मीपूजनाला चोपडी पुजतो, तर तिकडे 'पोइला बैशाख'ला, म्हणजे त्यांच्या वर्षारंभी, व्यापारी नवा 'हालखाता' उघडतात. जमा, खर्च, उधारी आणि वसुली यांसाठीच जन्माला आलेली ही वही. सत्यजित राय आपले चित्रपट याच वहीत लिहीत.

लिहीत म्हणजे केवळ संवाद लिहीत नसत. एका चित्रपटाच्या वहीत प्रसंगांची क्रमवारी असे, संवाद असत, खाडाखोड असे. समासात कॅमेऱ्याच्या चौकटीची छोटी छोटी चित्रे असत. कोण कुठे उभे राहील, दार कोणत्या बाजूला उघडेल, खिडकीतून उजेड कुठून येईल, हे त्या चित्रांतून कळे. पुढच्या पानांवर पात्रांचे चेहरे, त्यांचे कपडे, डोक्यावरची टोपी, पायातले जोडे. सेटवर लागणाऱ्या वस्तूंची यादी. मध्येच एखाद्या गाण्याची स्वरलिपी, जाहिरातीसाठी अक्षरांचे नमुने. 1921 मध्ये जन्मलेल्या आणि 1992 मध्ये गेलेल्या या माणसाने लहानमोठे मिळून सुमारे तीन डझन चित्रपट केले. त्यांतल्या बहुतेकांचा जन्म कॅमेऱ्यासमोर नव्हे, तर या लाल वहीत झाला.

मी तीन तपांहून अधिक काळ बँकेत काढला. त्यांतली पहिली काही वर्षे संगणक येण्यापूर्वीची, म्हणजे दोन हातांत मावणार नाहीत अशा लेजरांची. सायंकाळी ताळा जुळेपर्यंत घरी जायचे नाही, असा तो काळ. त्यामुळे हिशेबाच्या वहीत चित्रपट लिहिणाऱ्या माणसाबद्दल मला जास्तच कुतूहल वाटत आले आहे. राय यांच्या कलेवर चित्रपटाच्या जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे आणि त्यात भर घालण्याचा माझा अधिकार नाही. पण त्यांची काम करण्याची रीत हा विषय केवळ जाणकारांचा नव्हे. जो कोणी थोड्या पैशात, थोड्या वेळात काही चांगले करू पाहतो, त्या प्रत्येकाचा तो आहे. मग तो नाटक बसवणारा मास्तर असो, दिवाळी अंक काढणारा संपादक असो, नाहीतर लग्नघरातला कर्ता माणूस असो.

आपल्या मनात कलावंताचे एक चित्र ठसलेले आहे. केस विस्कटलेले, वेळेचे भान नाही, पैशाचा हिशेब नाही, लहर लागली तर रात्रभर काम, नाही लागली तर महिनाभर काही नाही. हे चित्र आपल्याला आवडते, कारण त्यामुळे आपली स्वतःची सुटका होते. प्रतिभा म्हणजे लहर असेल, तर ज्याला ती लागत नाही त्याने काय करायचे? पान लावायचे आणि गप्पा मारायच्या! राय यांचे उदाहरण या सोयीस्कर समजुतीच्या आड येते. ते सहा फुटांहून उंच, खर्ज आवाजाचे गृहस्थ घरात एका खुर्चीत बसून, मांडीवर वही घेऊन रोज काम करीत. आणि त्यातून जे निघाले, ते लहरीच्या कामापेक्षा कोणत्याही अर्थाने कमी जिवंत नव्हते.

ही शिस्त आली कुठून? चित्रपटाच्या धंद्यातून नक्कीच नाही. शांतिनिकेतनात नंदलाल बोस आणि विनोदबिहारी मुखर्जी यांच्या हाताखाली चित्रकला शिकून आलेला हा तरुण 1943 मध्ये कोलकात्यातल्या डी. जे. कीमर या ब्रिटिश जाहिरात संस्थेत लागला. पगार महिना 80 रुपये. जाहिरातीच्या कामात तारीख ठरलेली, जागा मोजून दिलेली, शब्द मोजून घ्यायचे. त्याच सुमारास सिग्नेट प्रेससाठी ते पुस्तकांची मुखपृष्ठे आणि आतली चित्रे काढू लागले. त्या कामात बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या 'पथेर पांचाली' या कादंबरीची मुलांसाठीची संक्षिप्त आवृत्ती त्यांच्याकडे चित्रांसाठी आली. चित्रपट सुचण्याआधी त्या कथेची चित्रे त्यांच्या हातून उतरली होती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

आणखी एक सवय त्यांनी स्वतःला लावून घेतली होती. एखाद्या कादंबरीवर चित्रपट निघतो आहे असे कळले, की ते आधी आपल्यापुरती त्याची पटकथा लिहून काढीत. मग चित्रपट पाहून ताडून बघत, की त्याने काय केले आणि आपण काय केले असते. ना कोणी निर्माता, ना कोणी गुरू, ना परीक्षा. 1947 मध्ये चिदानंद दासगुप्ता आणि इतर मित्रांबरोबर त्यांनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. 1949 मध्ये फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वार 'द रिव्हर'च्या तयारीसाठी कोलकात्यात आले, तेव्हा राय त्यांना जागा दाखवत हिंडले. 1950 मध्ये कीमरने त्यांना लंडनच्या कचेरीत पाठवले. त्या सहा महिन्यांत त्यांनी शंभराच्या आसपास चित्रपट पाहिले. त्यांत डी सिका यांचा 'बायसिकल थीव्ह्ज' होता. खरी माणसे, खरे रस्ते, खरा उजेड आणि तारांकित नट एकही नाही! परतीच्या बोटीवरच त्यांनी 'पथेर पांचाली'चे टिपण सुरू केले.

बँकेच्या माणसाच्या नजरेने 'पथेर पांचाली'कडे पाहिले तर हा प्रस्ताव कोणत्याही शाखेने पहिल्या पानावरच परत केला असता. दिग्दर्शकाने आधी एकही चित्रपट केलेला नाही. छायाचित्रकार सुब्रत मित्र, वय एकवीस, त्याने चित्रपटाचा कॅमेरा कधी चालवलेला नाही. प्रमुख पात्रे म्हणजे दोन लहान मुले आणि ऐंशीच्या घरातली एक म्हातारी. गाणी नाहीत, नाच नाही, प्रेमकथा नाही. आणि हातात पूर्ण लिहिलेली पटकथासुद्धा नाही. होते काय, तर चित्रांचे एक बाड. प्रसंगामागून प्रसंग शाईने रेखाटलेले. राय ते घेऊन निर्मात्यांच्या दारोदार फिरले. दाद कोणी दिली नाही.

मी काही वर्षे कोल्हापुरात शाखेवर होतो. तिथे चित्रपटासाठी कर्ज मागायला येणारी मंडळी अधूनमधून भेटत. त्यांच्या कागदांत नटनट्यांची नावे ठळक असत, मुहूर्ताची तारीख असे, नारळ कोण फोडणार तेही असे. नसे ते एवढेच, की कोणत्या दिवशी काय चित्रित होणार आणि त्याला काय लागणार. राय यांच्याकडे नेमके उलट होते. नाव नव्हते, पैसा नव्हता, पण पडद्यावर काय दिसणार हे कागदावर उतरलेले होते. असे कागद माझ्या टेबलावर आले असते तरी नियमाने मी कर्ज देऊ शकलो नसतो, हेही खरेच. तारण काय ठेवणार? चित्रांचे बाड?

मग त्यांनी तेच केले, जे आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी चार दशकांपूर्वी केले होते. फाळक्यांनी आपली विमा पॉलिसी गहाण टाकून लंडन गाठले आणि सरस्वतीबाईंचे दागिने 'राजा हरिश्चंद्र'च्या उभारणीला लागले. राय यांनीही विम्यावर कर्ज काढले, जमवलेल्या तबकड्या विकल्या, पत्नी बिजोया यांचे दागिने गहाण पडले. भारतीय चित्रपटाचे दोन मोठे आरंभ विम्याच्या कागदावर आणि घरच्या बाईच्या सोन्यावर उभे आहेत. सन्मानपत्रांत या गोष्टीचा उल्लेख जितका व्हावा तितका होत नाही.

27 ऑक्टोबर 1952 रोजी चित्रीकरण सुरू झाले. कासाच्या पांढऱ्या तुऱ्यांनी भरलेले माळरान, त्यातून आगगाडी पाहायला निघालेली दुर्गा आणि अपू. राय यांची नोकरी चालूच होती, त्यामुळे चित्रीकरण सुट्टीच्या दिवशी. पुढच्या वेळी मंडळी तिथे गेली, तर माळ बोडका! गुरांनी सगळे कास खाऊन टाकले होते. पुन्हा तुरे येईपर्यंत, म्हणजे पुढच्या मोसमापर्यंत थांबणे आले. पुढे पैसे संपले आणि काम दीर्घकाळ बंद पडले. अखेर मुख्यमंत्री बिधानचंद्र रॉय यांच्या मध्यस्थीने पश्चिम बंगाल सरकारने पैसे दिले. नावात 'पथ' असल्यामुळे सरकारी दफ्तरात हा खर्च रस्ते सुधारणेच्या खात्यावर पडला, असे सांगतात. पैसे हप्त्याहप्त्याने येत. 26 ऑगस्ट 1955 रोजी चित्रपट कोलकात्यात लागला. 1956 मध्ये कान महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट मानवी दस्तऐवजाचा सन्मान मिळाला.

या तीन वर्षांच्या ओढाताणीत राय यांची रीत घडली, असे मला वाटते. फिल्म महाग आणि हातात रविवार तेवढे. तेव्हा काय हवे ते आधी ठरवा, तेवढेच घ्या. अनेक दिग्दर्शक एकच प्रसंग चार बाजूंनी पुन्हापुन्हा टिपतात आणि त्यातले काय ठेवायचे ते संकलनाच्या टेबलावर ठरवतात. राय यांचे संकलन बरेचसे वहीतच झालेले असे. कुठे तोडायचे हे ठाऊक असल्याने तेवढाच तुकडा टिपायचा. बहुतेक वेळा एखाद-दुसऱ्या टेकवर भागवायचे. संकलक दुलाल दत्त आयुष्यभर त्यांच्याबरोबर राहिले. पुढे नाव झाले, पैसे मिळण्याची अडचण कमी झाली, तरी ही काटकसर सुटली नाही. गरिबीत लागलेली सवय सुबत्तेत टिकली, तर ती सवय राहत नाही, स्वभाव होतो.

काटकसर म्हटली की आपल्याला हात आखडणे आठवते. इथे तसे नव्हते. 'अपराजितो'मध्ये बनारसच्या जुन्या वाड्याचे अंगण स्टुडिओत उभारले होते. अशा अंगणात ऊन थेट पडत नाही. वरून झिरपत येणारा, सावली न पाडणारा उजेड असतो. स्टुडिओतल्या दिव्यांनी मात्र प्रत्येक माणसाच्या दोन दोन सावल्या पडतात. सुब्रत मित्र यांनी वर पांढरे कापड ताणले आणि दिव्यांचा झोत त्यावर टाकून परतलेला उजेड खाली घेतला. त्या अंगणात बनारसची सकाळ उतरली. किंमत काय, तर चार हात कापड! 1957 मध्ये याच चित्रपटाला व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला.

तीच गोष्ट 1969 च्या 'गुपी गाइन बाघा बाइन'मधल्या भुतांच्या नाचाची. हा चित्रपट त्यांनी आपले आजोबा उपेंद्रकिशोर यांच्या गोष्टीवर, मुलांसाठी केला. सगळा रंगीत करायला पैसे नव्हते, म्हणून रंग फक्त शेवटी आला. भुतांचे चार वर्ग कल्पिले : राजेरजवाडे, सामान्य शेतकरी, साहेब आणि लठ्ठ. प्रत्येक वर्गाला दक्षिणेकडचे एकेक तालवाद्य दिले : मृदंगम्, घटम्, कंजिरा आणि मोरसिंग. या नाचात सूर नाही, केवळ ताल आहे. बंगालचा सारा सामाजिक इतिहास सहा-साडेसहा मिनिटांच्या भुताटकीत बसवला आहे. मुले हसतात आणि मोठी माणसे विचारात पडतात. यासाठी लागला तो पैसा नव्हे, आधी केलेला विचार.

नटांच्या बाबतीत त्यांची रीत आणखी गमतीची. ते चेहरा आधी काढीत आणि मग तो माणूस शोधीत. अपूसाठी त्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली. मुले पुष्कळ आली, एका मुलीचे केस कापून तिलाही मुलगा म्हणून आणले होते! मनासारखा चेहरा मात्र सापडेना. शेवटी तो बिजोयाबाईंना शेजारच्या गच्चीवर दिसला. या सुबीर बॅनर्जी नावाच्या मुलाला अभिनय शिकवण्याच्या भानगडीत राय पडले नाहीत. कासाच्या रानात बहिणीला शोधत गोंधळून चालायचे होते. पोराला ते जमेना. तेव्हा राय यांनी त्याच्या वाटेत मध्ये मध्ये फांद्या टाकल्या, आपली माणसे गवतात इकडेतिकडे लपवली आणि त्यांना एकामागून एक हाका मारायला सांगितल्या. मुलगा अडखळत, डावीउजवीकडे मान वळवत चालला. हवे ते मिळाले. कुत्रे मुलांच्या मागे जाईना, तर हातात मिठाई लपवून ती कुत्र्याला दिसेल अशी मागे धरायला सांगितले. ते निमूट मागे आले.

म्हाताऱ्या इंदिर ठाकरूनचे काम करणाऱ्या चुनीबाला देवी जुन्या काळच्या रंगभूमीवरच्या. त्यांना दिवसाला 20 रुपये ठरले होते. त्यांच्या अंत्ययात्रेचे दृश्य घेतले तेव्हा त्यांना तिरडीवर बांधले. शॉट संपला, दोऱ्या सोडल्या, तरी म्हातारी हलेना. सगळ्यांच्या काळजात धस्स झाले. मग चुनीबालाबाई डोळे उघडून म्हणाल्या, की शॉट संपल्याचे मला कोणी सांगितलेच नाही! वहीत सगळे काही असते, पण असे माणूस वहीत नसते. ते शोधावे लागते आणि सापडले की त्याला सांभाळावे लागते.

तयार नटांना मात्र ते फारसे समजावत नसत. पटकथा स्वतः वाचून दाखवत, त्या वाचनातच सूर लागे. 'नायक'मध्ये बंगालचा लाडका नट उत्तमकुमार त्यांनी रंगरंगोटीशिवाय उभा केला. 1977 च्या 'शतरंज के खिलाडी'त त्यांनी मुंबईकडच्या नटांबरोबर काम केले. भाषा उर्दू, ती स्वतःची नव्हे. त्यांनी पटकथा इंग्रजीत लिहिली आणि संवाद शमा झैदी व जावेद सिद्दिकी यांच्याकडून घेतले. 1981 मध्ये दूरदर्शनसाठी केलेल्या 'सद्गती'त आपले दोघे होते, स्मिता पाटील आणि डॉ. मोहन आगाशे. प्रेमचंदांची गोष्ट, पाऊण-एक तासाचा अवधी. ओम पुरी यांनी केलेला दुखिया लाकडाचा ओंडका फोडता फोडता मरतो. त्या कुऱ्हाडीचा प्रत्येक घाव तेव्हा घराघरात ऐकू गेला. पार्श्वसंगीताची गरज लागली नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. सुरुवातीला प्रत्येक कामाला वेगळा माणूस होता. 'पथेर पांचाली'चे संगीत रविशंकरांनी एका बैठकीत, सुमारे अकरा तासांत, पहाटेपर्यंत बसून दिले. 'जलसाघर'ला विलायत खाँ होते. 1961 च्या 'तीन कन्या'पासून संगीत राय स्वतः करू लागले. 1964 च्या 'चारुलता'पासून कॅमेराही स्वतः चालवू लागले. वेशभूषेची चित्रे, जाहिरातीची भित्तिपत्रे, श्रेयनामावलीची अक्षरे त्यांची होतीच. 1966 च्या 'नायक'नंतर सुब्रत मित्र त्यांच्याबरोबर राहिले नाहीत. पांढऱ्या कापडावरून बनारसची सकाळ उतरवणारा माणूस दूर झाला. दोघांत दोष कोणाचा, याचा निवाडा करण्यात अर्थ नाही. पण ज्याला स्वतःच्या मनात सगळे स्वच्छ दिसते, त्याच्या शेजारी उभे राहणाऱ्या दुसऱ्या गुणी माणसाला जागा कमी पडते, हे कोणत्याही कचेरीत दिसते.

बँकेत एक जुना नियम आहे. जो व्हाउचर लिहितो, त्याने ते पास करायचे नाही. लिहिणारा एक, तपासणारा दुसरा. माणूस प्रामाणिक नाही म्हणून नव्हे. स्वतःची चूक स्वतःच्या डोळ्यांना दिसत नाही म्हणून. राय यांच्याकडे लिहिणारा आणि तपासणारा एकच झाला. मग हिशेब बिघडला का? मला वाटते, बराच काळ बिघडला नाही, आणि त्याची कारणे दोन. पहिले कारण घरात होते. बिजोयाबाई त्यांच्या लेखनाच्या पहिल्या वाचक होत्या आणि त्यांचे मत ते मानीत. दुसरे कारण ती वहीच. मनात असते ते नेहमीच सुंदर दिसते. कागदावर उतरले की त्याची लंगडी बाजू कळते. आज लिहिलेले उद्या वाचणारा माणूस थोडा वेगळा असतो, आणि तोच आपला तपासनीस होतो. त्या वह्यांतली खाडाखोड म्हणजे या तपासनिसाच्या सह्याच म्हणायच्या.

रीत कुठे कमी पडली तेही सांगितले पाहिजे. 1983 मध्ये 'घरे बाइरे'च्या वेळी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. तो चित्रपट पुरा करताना मुलगा संदीप यांचा हात लागला. त्यानंतर काही वर्षे मोठे काम बंद होते. पुन्हा सुरुवात केली तेव्हा बाहेरच्या चित्रीकरणावर डॉक्टरांची बंधने होती. 'गणशत्रू' खोल्यांच्या चार भिंतींत घडतो आणि त्यात माणसे उभी राहून बोलतात, बोलत राहतात. वहीत सगळे बसले होते, पण वहीबाहेरचा वारा आत यायला दार नव्हते. 1991 च्या 'आगंतुक'मध्ये तो वारा पुन्हा थोडा आला. तोच त्यांचा शेवटचा चित्रपट.

कारण त्यांचे उत्तम काम पाहिले, तर वही हा पिंजरा नव्हता असे दिसते. 1962 चा 'कांचनजंघा' घ्या. दार्जिलिंगमध्ये एका दुपारी एक श्रीमंत कुटुंब फिरायला बाहेर पडते, तेवढाच वेळ पडद्यावर आहे. ऊन, ढग, धुके आणि पुन्हा ऊन, असा निसर्गाचा क्रम कथेच्या क्रमाला जोडलेला. डोंगरातली हवा तर कोणाच्या हुकमातली नाही. पण कोणता प्रसंग कोणत्या हवेत हवा हे पक्के ठरलेले असल्याने ऊन पडले की उन्हाचे प्रसंग, धुके उतरले की धुक्याचे, अशी धावपळ करून त्यांनी तो महिन्याच्या आत उरकला. ज्याची तयारी नसते तो ढग आला की हात चोळत बसतो. ज्याची तयारी असते त्याला ढग कामाला येतो. शिस्तीमुळे मोकळीक मिळते ती अशी.

यावर कोणी म्हणेल, की सगळे मोठे दिग्दर्शक असे कुठे असतात? खरे आहे. कोलकात्यातच ऋत्विक घटक होते. 'मेघे ढाका तारा' करणारा हा माणूस हिशेबात बसणारा नव्हता आणि त्याची प्रतिभा निर्विवाद होती. हाँगकाँगचे वाँग कार-वाय हातात पुरी पटकथा नसताना चित्रीकरण सुरू करतात आणि त्यातून सुंदर चित्रपट निघतात. रस्ता एकच नाही. पण घटकांचे आयुष्य पाहिले तर मनात असलेले किती काम अपुरे राहिले, याची हळहळ वाटते. लहरीवर चालणाऱ्याला मोठा धनको लागतो, नाहीतर मोठे नशीब. ज्याच्याजवळ दोन्ही नाही, त्याला वही बरी.

मला हा विषय आज महत्त्वाचा वाटतो, त्याचे कारण घराघरात आहे. आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आला. फिल्म विकत आणावी लागत नाही, धुवावी लागत नाही. एका वाढदिवसाचे पाचशे फोटो निघतात आणि कोणी पुन्हा पाहत नाही. चुकीला किंमत राहिली नाही, ही मोठीच सोय आहे. ज्या मुलाला विम्याची पॉलिसी गहाण ठेवणे शक्य नव्हते, तोही आता चित्रपट करू शकतो. नगर, सोलापूर, नांदेडकडची पोरे लघुपट करतात, त्यांतले काही फार चांगले असतात. पण चुकीची किंमत गेली तशी ठरवण्याची निकडही गेली. आधी सगळे टिपून घेऊ, नंतर पाहू! हे 'नंतर' काही येत नाही. ठरवणे हेच खरे कठीण काम आहे आणि यंत्राने ते आपल्यासाठी केलेले नाही, फक्त पुढे ढकलले आहे.

म्हणून ज्या घरात मुलांना चित्रपटाचे, चित्रांचे, लिहिण्याचे वेड आहे, त्या घरातल्या वडीलधाऱ्यांना एक सुचवावेसे वाटते. नवा कॅमेरा किंवा महागडा फोन घेऊन देण्याआधी त्याला एक कोरी वही आणून द्या. रेघा नसलेली, बांधणी पक्की. काय टिपायचे ते आधी त्यात काढ म्हणावे, वाकडेतिकडे का असेना.

आणि एखाद्या रविवारी 'पथेर पांचाली' त्यांच्याबरोबर पाहा. 1993 मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेला आग लागली आणि राय यांच्या अनेक चित्रपटांच्या मूळ निगेटिव्हज होरपळल्या. पुढे कित्येक वर्षे खपून, जळक्या पट्ट्यांतून शक्य तेवढे आणि बाकीचे इतर प्रतींतून असे जुळवत अपूच्या तिन्ही चित्रपटांची दुरुस्ती झाली. 2015 पासून ती नवी प्रत पाहायला मिळते. त्यात चिनीबास नावाचा एक लठ्ठ मिठाईवाला आहे. कावड घेऊन तो गावातून जातो आणि मुले त्याच्या मागे लागतात. पैसे संपून काम थांबले, त्या काळात हे काम करणारे गृहस्थ वारले. मग राय यांनी तशाच अंगलटीचा दुसरा माणूस शोधला आणि त्याला फक्त पाठीमागून दाखवले. बांबूच्या बनाशी दिसणारा पहिला, दारातून आत जाणारा दुसरा. मुलांना हे आधी सांगू नका. चित्रपट संपल्यावर विचारा, की मिठाईवाला मध्येच बदलला तो कोणाच्या लक्षात आला का?